चंचीचा पाचवा कप्पा

मित्रांनो, मला बघून तुम्ही विचाराल, हे फडकं कुठून आलं? रागावणार नाही मी. माझा रंग विटला आहे, कडा फाटल्या आहेत आणि आता चंची वापरणारी माणसंही फारशी उरलेली नाहीत. पण मी फडकं नाही. मी चंची आहे. पानसुपारी ठेवायची, कप्प्याकप्प्यांची, गुंडाळून दोरीने बांधायची आणि कमरेला खोचून हिंडायची कापडी पिशवी. निपाणीतल्या तंबाखूच्या एका वखारीत मी वीसेक वर्षं काढली. तिथली एकही बाई अशी नसेल, जिचा हात माझ्या पोटात गेला नाही.

माझा जन्म १९६८ सालचा. तानीबाई नावाच्या एका फटकळ बाईने मला शिवलं. तिचं माहेर बेळगावजवळच्या वडगावचं. घरात हातमाग होते. मागावरून उतरलेल्या कापडाचे उरलेसुरले तुकडे तिने लग्नात येताना बोचक्यात बांधून आणले होते. त्यातला निळा तुकडा बाहेरून आणि तांबडा आतून लावून तिने मला आकार दिला. कप्पे चार करायचे ठरले होते. पान, सुपारी, चुन्याची डबी आणि तंबाखू. शेवटी एवढीशी चिंधी उरली, ती टाकवेना, म्हणून तिने पाचवा कप्पा शिवला. त्यात ती लवंग ठेवायची आणि ठेवलेली विसरायची.

आमच्या भागात चंचीची एक रीत आहे. दोरी सोडली की आधी शेजारणीला विचारायचं, मग आपल्या तोंडात टाकायचं. कुणी हात पुढे केला तर नाही म्हणायचं नाही. ज्या जावेशी वर्षभर अबोला आहे, तिलासुद्धा चंचीतली सुपारी नाकारत नाहीत. या रीतीचा मला फार अभिमान होता. तिजोरीला कुलूप असतं, पेटीला कडी असते. मला मात्र नुसती एक दोरी होती आणि तीही सैल. मी स्वतःला फार दिलदार समजत असे. त्याच अभिमानाने पुढे एका बाईचं आयुष्य उधळायची वेळ आणली.

तिचं नाव मालुबाई. तानीबाईची सून. खानापूरकडची, भातशेतीच्या घरातली, हसली तर आवाज न करता हसणारी. तिचा नवरा रवळू तंबाखूच्या ट्रकवर हमाल होता. सासू आणि सून दोघी वखारीत तंबाखू चाळायला जात. पुढे तानीबाईचे गुडघे गेले, तिला खाली बसता येईना. तेव्हा तिने मला सुनेच्या कमरेला खोचलं आणि म्हणाली, "वखारीत चंचीबिगर गेलीस तर तुला कोण वळखणार गं? आणि दोरी घट्ट बांधू नगंस. बाया मागाय लाजत्यात."

चौऱ्याहत्तर साली तवंदी घाटात तो ट्रक उलटला आणि रवळू गेला. त्या दिवसाबद्दल मी जास्त सांगणार नाही. घरात दोघी विधवा राहिल्या. एक म्हातारी आणि एक सव्वीस वर्षांची. रडून झालं, दिवस झाले आणि चौदाव्या दिवशी मालुबाई मला कमरेला लावून कामावर गेली. दोघींचं पोट त्याच वखारीवर होतं.

दोन वर्षं तिने मान वर न करता काम केलं. मग एक दिवस, ध्यानीमनी नसताना, ती गोष्ट घडली. चैत्राचे दिवस होते. बायका रांगेने बसल्या होत्या, चाळणी चालली होती, भुकटी उडत होती. कुणी काही बोललं नव्हतं, काही पडलं नव्हतं. मी तिच्या कमरेला होते, म्हणून मला ते सगळ्यांच्या आधी कळलं. तिचं पोट भराभर वरखाली होऊ लागलं. अंगाला दरदरून घाम सुटला. बोटं वाकडी होऊन बधिर झाली. चाळण हातातून सुटली आणि ती ओरडली, "मी मरालीय! सोनाक्का, धर मला, मी मरालीय!"

सोनुबाई तिची शेजारीण. आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची आणि मऊ मनाची. तिने मालुबाईला पोटाशी धरलं. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली. पंधरा मिनिटांनी सगळं आपोआप ओसरलं. मालुबाई उठून बसली. अंगात त्राण नव्हतं, पण बाकी काही झालेलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. बायका मात्र कुजबुजू लागल्या. कुणाला वाटलं तिच्या अंगात आलं, कुणाला वाटलं बाहेरची बाधा झाली.

आठ दिवसांनी पुन्हा तेच झालं. मग बाजारात झालं. मग नळावर झालं. तानीबाईने लिंबू उतरवलं, अंगारा लावला, कुणी सांगितलं तो दोरा बांधला. दर वेळी थोडे दिवस बरे जात आणि दर वेळी पुन्हा ते येई. पण मित्रांनो, त्या पंधरा मिनिटांहूनही वाईट होतं ते मधल्या दिवसांतलं भय. आता येईल का, इथे येईल का, चारचौघांत येईल का, हा एकच विचार. मालुबाईने बाजार सोडला. लग्नाकार्याला जाणं सोडलं. माहेरहून भाऊ न्यायला आला, तर गाडीत बसवेना म्हणून त्याला दारातूनच परत पाठवला. वखारीत ती दारापाशी बसू लागली. जीव घाबरला तर पटकन बाहेर पळता यावं, एवढ्यासाठीच.

देवाप्पा मुकादमाला ते खपेना. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं जागच्या जागी लागे. तो म्हणाला, "दाराशी वाऱ्यानं माल उडतोय. आत सरक. आणि पुन्यांदा पडलीस ना, तर घरातच बस. तू पडतीस, तुझ्याभवती धा बाया गोळा हुत्यात. माझं काम कोण करणार?"

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मालुबाईने मला कमरेवरून काढलं आणि मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. वखार सुटली तर दोघींनी खायचं काय, हे तिला कळत नव्हतं. आणि वखारीत गेलं तर आपण मरणार, अशी तिला खात्री वाटत होती.

शेवटी गावातल्या डॉक्टरने तिला तपासलं. छातीला तारा लावून कागदाची लांब पट्टी काढली आणि सांगितलं की, काळीज ठणठणीत आहे, बेळगावला मनाच्या डॉक्टरांकडे जा. तानीबाई चवताळली. "काळीज ठणठणीत हाय म्हणं! मग ते असं पळतंय कशाला?" डॉक्टरांनी एक नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.

बेळगावला जायचं म्हणजे तवंदी घाट ओलांडायचा. जिथे रवळू गेला, तोच घाट. मालुबाईने डोळे मिटून मला दोन्ही हातांनी असं धरलं की माझ्या पोटातल्या सुपाऱ्या कुरकुरल्या. तानीबाई शेजारी बसून सबंध घाटभर आपल्या नणंदेची उणीदुणी सांगत होती. आवाज मुद्दाम मोठा ठेवला होता. गाडीतली माणसं हसत होती. संकेश्वर आलं तेव्हाच ती म्हातारी गप्प झाली आणि मग पदराने हळूच डोळे पुसले. मुलगा तिचाही होता.

डॉक्टर मसगुप्पी घरी कन्नड बोलणारे. त्यांचं मराठी हेल काढून यायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग ते मालुबाईला म्हणाले, "तंगी, म्हणजे आमच्यात धाकटी बहीण. ऐक. तुला वेड लागलेलं नाही. तू यानं मरणारही नाहीस. घरात चोर शिरला की कुत्रं भुंकतं की नाही? तुझं कुत्रं चोर नसतानाच भुंकायला लागलंय. हा आजार आहे. भीतीचा झटका म्हणतात याला. याच्यावर औषध आहे."

मालुबाई एवढा वेळ खाली बघत होती. तिने मान वर केली. "म्हंजे हे आणि कुणाला बी हुतंय?"

"पुष्कळांना होतं. माझ्याकडे गेल्या महिन्यात एक पैलवान आला होता."

ती रडली. आजार नाहीसा झाला म्हणून नव्हे, आपण एकटीच नाही म्हणून. माझ्या निळ्या कापडावर तिची आसवं पडली आणि मला फार बरं वाटलं.

लगेच मात्र मला मोठा धक्का बसला. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "तंबाखू खातेस? बंद कर. तीही काळीज पळवते." तानीबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "निपाणीच्या माणसाला तंबाखू बंद? मग पाणी बी बंद करा की!" मी मनातून तिच्याच बाजूची होते, हे कबूल करते. पण मालुबाईने त्या दिवसापासून तंबाखू तोंडाला लावली नाही. माझा चौथा कप्पा मग फक्त दुसऱ्यांसाठी भरायचा.

डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. एक रात्रीच्या जेवणानंतर रोज घ्यायची. तिचा गुण यायला तीन आठवडे लागतील, तोवर धीर सोडायचा नाही. दुसरी लहान, पांढरी. तिची सकाळी अर्धी आणि संध्याकाळी अर्धी, तीही थोडेच महिने. "मी सांगितल्याशिवाय वाढवायची नाही आणि मी सांगितल्याशिवाय बंदही करायची नाही," ते म्हणाले. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. ती त्यांच्या मनातही आली नसेल. बेळगावच्या डॉक्टरांना चंचीची रीत कुठून ठाऊक असणार?

तानीबाईने पाचव्या कप्प्यातली जुनी लवंग फेकली आणि तिथे गोळ्यांच्या पुड्या ठेवल्या. पहिले दहा दिवस काही फरक दिसेना. तोंड कोरडं पडे, डोकं जड होई. मग तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी मालुबाई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "आत्ती, आज सकाळपासनं मला त्याची आठवणच झाली न्हाई." तानीबाईने तव्यावरची भाकरी करपू दिली, पण सुनेच्या तोंडावरून हात फिरवायचा थांबवला नाही.

मित्रांनो, इथवर सगळं छान झालं. इथून पुढे माझी चूक सुरू होते.

सोनुबाईला कितीतरी दिवस झोप नव्हती. पाय दुखायचे, धाप लागायची. एकदा दुपारच्या सुट्टीत मालुबाईने दोरी सोडली आणि आपली अर्धी गोळी काढली. सकाळची घ्यायची राहिली होती. सोनुबाई म्हणाली, "मालू, तू आताशा किती निवांत दिसतीस गं. ह्या गोळीचाच गुण न्हवं? मला एक दे की."

मालुबाई क्षणभर घुटमळली. पण मी उघडी होते, समोर हात पसरलेला होता आणि हात पसरला तो सोनाक्काने, जिने तिला पहिल्या दिवशी पोटाशी धरलं होतं. तिने गोळी दिली. अर्धी दिली तर कंजूषपणा दिसेल, म्हणून अख्खी दिली. सोनुबाईला छान झोप लागली. तिने ते दोघींना सांगितलं. त्या दोघींनीही हात पुढे केला. कुणाची पाठ दुखत होती, कुणाचं घरात भांडण झालं होतं. मालुबाई देत गेली. आणि मी? मी तर फुशारून गेले होते. माझ्या सगळ्यात लहान कप्प्याला एवढी मागणी! तंबाखूचा मान गेला, पण हा नवा मान मिळाला, असं मला वाटत होतं. दुसऱ्या महिन्यासाठी आणलेल्या पांढऱ्या गोळ्या सतराव्याच दिवशी संपल्या.

आता बेळगावला जाऊन काय सांगायचं? डॉक्टर विचारणार, गोळ्या गेल्या कुठे? मालुबाई लाजेने गेली नाही. म्हणाली, उरलेले दिवस काढू तसेच.

त्याच दिवशी सोनुबाईने आदल्या दिवशी मागून ठेवलेली गोळी घरून निघताना घेतली होती. डोक्यावर टोपली घेऊन ती माळ्याच्या फळीवरून चढत होती. तिचे डोळे मिटू लागले. पाय सरकला. ती टोपलीसकट खाली आली आणि हाताचं मनगट मोडलं. अजून चार पावलं वर असती तर काय झालं असतं, ते बोलवत नाही.

देवाप्पा धावत आला. "काय खाल्लीस? डोळं असं का झाल्यात?"

सोनुबाईला खोटं बोलता येत नसे. ती कण्हत म्हणाली, "मालूनं गोळी दिलती."

वखारभर गलका झाला. मालू गुंगीचं औषध चारते, मालूमुळे बाई मेली असती. ज्या दोघी रोज मागत होत्या, त्या सगळ्यात मोठ्याने बोलत होत्या. देवाप्पाने दाराकडे बोट केलं. मालुबाई घरी आली, पाचव्या कप्प्यात उरलेल्या रात्रीच्या गोळ्याही तिने काढल्या आणि उकिरड्यावर फेकल्या. "मला नगं असलं इख," ती म्हणाली. मी उलटीपालटी होऊन कोपऱ्यात पडले.

तिसऱ्या दिवशी झटका आला. असा की आधीचे सगळे बरे होते असं वाटावं. हात थरथरत होते, झोप उडाली होती, भांडं वाजलं तरी ती दचकून उठत होती. दिवसातून तीन तीन वेळा तिला वाटे की, आता संपलं. तानीबाई तिच्या उशाशी बसून राहिली. दोन दिवस तिच्या अंगावरचा घाम पुसत राहिली. मग म्हणाली, "चूक तुझी न्हाई, पोरी. रीत म्या शिकिवली. सुपारीची रीत औषधाला लावायची न्हाई, हे मला कळाय पाहिजे हुतं. ऊठ. बेळगावला जाऊ."

"घाट न्हाई वलांडायचा माझ्यानं."

"डोळं झाक. घाट सरला की मी सांगती."

दारात कुणीतरी खाकरलं. बघते तर सोनुबाई. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. मालुबाईने तोंड फिरवलं. सोनुबाई आत येऊन तिच्या अंथरुणावरच बसली आणि म्हणाली, "माझा हात मोडलाय, तोंड न्हाई मोडलं. गोळी म्या मागितली आणि बोलणी तू खाल्लीस. चल, मी बी येती. गाडीत एका बाजूला तुझी सासू, एका बाजूला मी. पडशील तर पडशील कुठं?"

अशा तिघी निघाल्या. घाटात मालुबाईचा श्वास अडकला, ती गाडी थांबवा म्हणून उठू लागली. सोनुबाईने आपला धड हात तिच्या पाठीवर ठेवला आणि तानीबाईने नणंदेचं प्रकरण जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू केलं. घाट सरला.

डॉक्टर मसगुप्पी रागावतील, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि मला हातात घेऊन उघडून बघितलं. एकेक कप्पा बोटाने चाचपला. म्हणाले, "चूक माझीही आहे. मी विचारायला हवं होतं की, गोळ्या ठेवणार कुठे." मग त्यांनी सोनुबाईला विचारलं, "आक्का, तुमची चोळी मालुबाईला बसेल?"

"दोन मालू मावतील तीत," सोनुबाई म्हणाली.

"औषधही असंच माप घेऊन देतात. तिचं तुम्हाला चालत नाही." मग मालुबाईकडे वळून ते म्हणाले, "आणि तू ते एकदम तोडलंस, म्हणून एवढा त्रास झाला. चुलीतलं लाकूड आपण कसं मागं घेतो? हळूहळू. एकदम ओढलं की घरभर धूर. ही पांढरी गोळी आपण बंद करणारच आहोत, पण पाव पाव करत, माझ्या नजरेखाली."

त्यांनी तिला श्वास हळू सोडायला शिकवलं. झटका आला तर पळायचं नाही, आहे तिथे बसायचं आणि तो ओसरेपर्यंत थांबायचं. रोज थोडं थोडं बाजारात जायचं, आज पहिल्या दुकानापर्यंत, उद्या दुसऱ्या. सोनुबाईलाही त्यांनी तपासलं. तिच्या अंगात रक्तच कमी होतं. तिला वेगळं औषध लिहून दिलं. इतके दिवस ती दुसऱ्याच आजाराची गोळी मागून खात होती.

घरी आल्यावर तानीबाईने सुई घेतली. नीट दिसत नव्हतं, दोनदा बोटात टोचली. तिने माझ्या पाचव्या कप्प्याला वरून झाकण शिवलं आणि एक शर्टाची गुंडी लावली. "ह्यो कप्पा रीतीतला न्हाई," ती म्हणाली. खरं सांगू? मला त्या गुंडीचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला बंद केलं होतं.

पंधरा दिवसांनी मालुबाई देवाप्पासमोर उभी राहिली. मला तिने मुठीत घट्ट धरलं होतं. पण आवाज कापला नाही. "मुकादम, मला भीतीचा झटका येतोय. त्यो आजार हाय, बाधा न्हाई. औषध चालू हाय आणि ते मी कुणाला देणार न्हाई. मला दारापाशी बसू द्या. आलाच तर धा मिनटं बसीन आणि आपसूक उठीन. कुणी गोळा व्हायची गरज न्हाई."

देवाप्पाने दाराकडे बघितलं. एवढं सलग ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. शेवटी तो म्हणाला, "दाराला तरट लाव. माल उडाय नगं." एवढंच. पण ती जागा पुढे तिचीच झाली.

वर्षं गेली. पांढरी गोळी पाव पाव करत सुटली. रात्रीची गोळी तीन वर्षं चालली आणि मग तीही डॉक्टरांनी हळूहळू कमी केली. झटके अगदीच गेले असं मी म्हणणार नाही. वर्षातून एखादा यायचा. ती दाराशी बसून हळू श्वास सोडायची, बायका आपल्या कामात राहायच्या, सोनुबाई नुसतं एकदा वळून बघायची. फारच झालं तर घ्यायला म्हणून डॉक्टरांनी पांढऱ्या गोळीचे चार अर्धे तुकडे दिले होते. ते गुंडीखाली असत. तानीबाई मधल्या काळात वारली. त्याआधी एकदा गाडीने घाट ओलांडून माहेरची माणसं बघून आली. सोबत मालुबाईच होती.

पंच्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात एके दुपारी देवाप्पा दारापाशी आला. अंगातला सदरा घामाने चिंब झाला होता. तो मालुबाईसमोर पोत्यावर मटकन बसला. "मालू, लई घाबराघुबरा झालोय बघ. छाती भरून आलीया. हात जड झालाय. तुझं तेच मला झालंय. ती गोळी दे."

वखार थांबली. सगळ्या बायका बघू लागल्या. ज्याने तिला एकदा दाराबाहेर काढलं होतं, तो आज हात पसरून बसला होता. मालुबाईचा हात दोरीकडे गेला. मी सुटले. मला वाटलं, दे गं बाई, याच्यासारखी संधी नाही. तिचं बोट गुंडीवर आलं आणि तिथेच थांबलं.

"न्हाई," ती म्हणाली.

"दे की गं, माणूस घाबरलाय," कुणीतरी म्हणालं.

देवाप्पाचा चेहरा पांढराफटक पडला होता, तरी तो चिडला. "तुला दारापाशी कुणी बसू दिलं? इसरलीस?"

"इसरली न्हाई. म्हणूनच देत न्हाई. मला काय हुतंय ते डॉक्टरनं बघितलंय. तुमचं कुणी बघितलंय?" आणि मग तिने वळून अशी हाक मारली की वखारीतली भुकटी थरथरली. "सोनाक्का! टेम्पो थांबव!"

तंबाखूची पोती खाली ढकलून बायकांनी देवाप्पाला टेम्पोत घातलं. दवाखान्यात त्याच्या छातीला तारा लावल्या आणि कागदाची पट्टी निघाली. या खेपेला पट्टी ठणठणीत नव्हती. तो भीतीचा झटका नव्हता, काळजाचा होता. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. गोळी घेऊन हा निवांत पडून राहिला असता, तर तसाच गेला असता."

देवाप्पाला बेळगावला हलवलं. गाडी गेल्यावर दवाखान्याच्या पायरीवर मालुबाई बसली आणि तिचं पोट भराभर वरखाली होऊ लागलं. तिचा स्वतःचा झटका आला होता. तिने श्वास हळू सोडला, पुन्हा सोडला, पण तो हटेना. तेव्हा तिने सगळ्यांदेखत माझी गुंडी काढली, अर्धा तुकडा तोंडात टाकला आणि माठातलं पाणी प्यायली. शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईने विचारलं, "काय खाल्लं वो?"

"माझं औषध," मालुबाई म्हणाली. लपवावं असं तिला काही वाटलं नाही.

अडीच महिन्यांनी देवाप्पा वखारीत आला. निम्मा झाला होता. बायकांच्या रांगेपुढे उभा राहून म्हणाला, "मी हिला घरात बस म्हणालतो. ती घरात बसली असती, तर आज मी नसतो."  मग गोंधळून, जुन्या सवयीने त्याने माझ्यापुढे हात केला. "सुपारी तरी देशील का न्हाई?"

"डॉक्टरास्नी इचारलंय?" मालुबाईने विचारलं. आणि सबंध वखार पोट धरून हसली. देवाप्पाही हसला.

मित्रांनो, माझं सांगून होत आलं. तुमच्या घरात, वर्गात, शेजारी कुणाला असा भीतीचा झटका आला तर त्याला हसू नका, घेराव घालू नका. शेजारी बसा. त्याला डॉक्टरकडे न्या. डॉक्टरांनी दिलेलं औषध लाजेने टाकू नका, आपल्या मनाने तोडू नका आणि प्रेमाने का असेना, दुसऱ्याला वाटू नका. सुपारी वाटा, भाकरी वाटा, घाटातला प्रवास वाटून घ्या.

मी आयुष्यभर मागेल त्याला दिलं. पान दिलं, चुना दिला, तंबाखूच्या किती चिमटी दिल्या त्याला गणती नाही. खाणारे खाऊन विसरून गेले. ज्या एका माणसाला मी नाही म्हटलं, तो मात्र आजही बाजारात भेटला की थांबतो, मालुबाईच्या कमरेकडे बघतो आणि मला हात जोडतो.